दोन बोटांची जागा

८ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, पुन्हा असं झालं तर लिहून ठेवा. उभे होतात की बसलेले, काय करत होतात, काय खाल्लं होतं." मला काका म्हणायचं काही कारण नव्हतं. दुकानाची पाटी ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाचा मी मास्तर आहे. पण सांगितलं ते पटलं. मोघम मला चालत नाही. आणि पुन्हा झाल्यावर कशाला, झालं तेच आधी लिहितो.

सकाळ. न्याहारी व्यवस्थित झालेली. अंगात राखाडी कोट, आत पांढरा शर्ट, खळ देऊन ताठ केलेली कॉलर, वरचं बटण लावलेलं. (हे लिहायची खरं तर गरज नाही. दुकानात उघड्या गळ्यानं मी कधी उभा राहिलेलो नाही.) टेबलावर काळं कापड अंथरून खडूनं पाठीची रेघ ओढत होतो. मागून मावशींनी विचारलं, "मास्तर, ह्याचं काज आडवं घालू का उभं?" मावशी माझ्याकडे कित्येक वर्षं काज-बटणाचं काम करतात. जिभेला मात्र त्यांनी बटण लावलेलं नाही. रेघ मोडू नये म्हणून मी खांदे तसेच ठेवले आणि नुसती मान डावीकडे वळवली.

त्यानंतरचं आठवतं ते सगळं खालून दिसलेलं. टेबलाच्या पायाला अडकलेला दोऱ्याचा गुंता, मावशींच्या चपला, आणि माझ्या मुठीत अजून धरलेला खडू. चक्कर नाही, छातीत कळ नाही, काही नाही. दिव्याचं बटण कुणी बंद करावं आणि लगेच चालू करावं, तसं.

"मेले की काय, असं वाटलं मला," मावशी म्हणाल्या. "आडवं म्हणाला असतात तरी कळलं असतं हो, स्वतः आडवं होऊन दाखवायची काय गरज होती!"

शेजारचा चष्मेवाला पाणी घेऊन धावत आला. माझ्या तोंडाजवळ वाकला. मला वाटलं श्वास बघतोय. नंतर मावशींनी सांगितलं, वास घेत होता.

दवाखान्यात कोट काढला, शर्ट काढला, बनियनवर झोपवलं. दंडाला पट्टा, छातीला तारा. सगळं ठणठणीत. "हृदय तर तरुण माणसासारखं आहे," असं बाई म्हणाल्या, ते मी हिला दोनदा ऐकवलं. पण ही कसली ऐकते! दुकानाची किल्ली माझ्या खिशातून काढून आपल्या पर्समध्ये टाकली. "हातात हातभर कात्री असते तुमच्या. कारण कळल्याशिवाय दुकान उघडायचं नाही."

आणि हे नेमकं आत्ता. जुनं थिएटर पुढच्या महिन्यात नव्यानं उघडतंय, आणि त्याच्या दरवानांचे गणवेश शिवायचं काम माझ्याकडे आलंय. ह्या कामाची मी उभा जन्म वाट पाहिली, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही.

११ जानेवारी, रविवार

सुट्टी. आज तब्येत उत्तम. उघड्या गळ्याचा घरचा शर्ट घालून खिडकीत बसलो होतो. माळ्यावरच्या खोक्यांवर फडकं मारलं, मान वर करून पंखा पुसला, काही झालं नाही.

थिएटरबद्दल लिहायचं राहिलं होतं.

बाबा तिथे दरवान होते. काळा बंद गळ्याचा कोट, पितळी बटणं, कॉलरीला सोनेरी फीत. मुख्य खेळाच्या दिवशी दुपारी ते बटणांना पॉलिश करायला बसत. पुठ्ठ्याला एक खाच पाडलेली असे. ती बटणाखाली सरकवायची, म्हणजे पॉलिश कापडाला लागत नाही. पुठ्ठा धरायचं काम माझं. पॉलिशचा तो आंबूस वास, खिडकीतून गुडघ्यांवर आलेलं ऊन, आणि बाबांचं तोंडातल्या तोंडात चाललेलं गाणं. त्या वासाची डबी अजून कुठे मिळते का म्हणून मी मध्यंतरी बराच हिंडलो. नावं तीच आहेत, वास तो नाही.

मग कोट चढवायचा. कॉलरीचा हूक मात्र त्यांना स्वतःला लावता येत नसे. आई लावायची. दात-ओठ खाऊन, "श्वास सोडा बघू," असं म्हणत. हूक बसला की बाबांची हनुवटी आपोआप वर जाई, आणि घरात कांदे चिरणारा, आक्काच्या वेण्या घालणारा माणूस नाहीसा होऊन तिथे एक सेनापती उभा राही. मी आणि आक्का दाराशी उभे राहून सलाम ठोकायचो.

थिएटरचा नियम होता: दरवानाचे खांदे रस्त्याकडे, मान पाहुण्याकडे. बाबा नुसती मान वळवत आणि दार उघडत. मी समोरच्या फुटपाथवरून बघत राहायचो. जगात इतकं सुंदर काही नसतं असं वाटायचं.

मग एका संध्याकाळी ते दारातच कोसळले. पाहुण्यांच्या पायांत. त्याआधीही एकदोनदा झालं होतं म्हणे, पण आत, कुणी बघायला नसताना. व्यवस्थापक म्हणाला, पिऊन आलाय. बाबा म्हणाले, थेंब घेतलेला नाही. व्यवस्थापक म्हणाला, मग पडलास कशानं? बाबांना घाम फुटलेला, चेहरा पांढरा, शब्द अडखळत. नोकरी गेली. कोट परत द्यावा लागला.

त्यानंतर बाबा घरीच छत्र्या दुरुस्त करत. अंगात आईनं शिवलेला सैल शर्ट, गळा उघडा. पुन्हा एकदाही पडले नाहीत. आई म्हणायची, "नोकरी गेली ती गेली, पण व्यसन घेऊन गेली." आमच्या घरात ही गोष्ट अशी मिटली. मी त्यावर कधी बोललो नाही. फक्त स्वतः आयुष्यात एक थेंब घेतला नाही.

पुढे थिएटर बंद पडलं. तेव्हा जुन्या कपड्यांच्या ढिगात तो कोट मला सापडला. खांद्याला आईनं आतून मारलेली उलटी टीप होती, त्यावरून ओळखला. मी शिवण शिकलो तो त्या कोटापाशी. टाका न् टाका उसवला, पुन्हा जोडला, पुन्हा उसवला. माझा गुरू कोण असं विचारलं, तर मी दुकानातल्या खुंटीकडे बोट दाखवतो. तिथे त्या कोटाची कॉलर टांगलेली आहे. माझी प्रत्येक कॉलर तिच्यावरून बेतलेली.

बाकीचे शिंपी गळ्यात दोन बोटं जातील एवढी जागा ठेवतात. त्यांना त्यांच्या उस्तादांनी तसं शिकवलं, ते शिकले. दोन बोटं म्हणजे पोत्याचं तोंड! बाबांच्या कॉलरीत करंगळी जात नसे. माझ्या कॉलरीतही कागद जाईल, बोट जाणार नाही. गिऱ्हाईक कोपरा वळलं की वरचं बटण काढतं, हे मला ठाऊक आहे. ज्याची त्याची लायकी.

१४ जानेवारी, बुधवार

किल्ली अजून हिच्याच पर्समध्ये. रद्दीवाल्याकडून शरीरशास्त्राचं एक जाडजूड पुस्तक आणलं. शिवण उसवून शिकलो, तसं हेही उसवून बघू.

चांगलं आहे पुस्तक. भाषा बोजड, पण कापड खरं आहे. माणसाच्या आत एक कारभार असा चालतो की त्यात माणसाला कुणी विचारत नाही. स्वायत्त चेतासंस्था म्हणतात तिला. तिचे दोन धागे. एक अनुकंपी. तो हृदयाला पळवतो, रक्तवाहिन्या आवळतो. घाबरलो, जिना चढलो, भांडलो की त्याची ओढ वाढते. दुसरा परानुकंपी. तो हृदयाला म्हणतो, बस जरा, घाई कसली. दोन्ही धागे सतत ओढलेले असतात, आणि दोघांच्या ओढीतून ठोके पडतात.

हे वाचून मी मोठ्यानं हसलो. ही म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, "अगं, हे तर शिलाई मशीन आहे!" वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा. वरचा फार ताणला तर कापड गोळा होतं, खालचा ताणला तर टाका सैल पडतो. दोघांची ओढ जुळली की टाका कापडाच्या मधोमध बसतो, वरून दिसतो तसाच खालून. मी तीस वर्षं रोज सकाळी चिंधीवर हेच बघतोय.

पुढे आणखी एक गंमत. माणूस उठून उभा राहिला की रक्त पायांकडे घसरतं. मग वरचा धागा, म्हणजे अनुकंपी, ताणला जातो, पायांतल्या रक्तवाहिन्या लेंग्याच्या नाडीसारख्या आवळल्या जातात आणि रक्त पुन्हा डोक्याकडे चढतं. हे आपल्याला कळतही नाही. ज्यांची नाडी सैल, ते उठताना पडतात.

म्हणजे माझंही हेच असणार. मी लगेच प्रयोग केला. बनियनवर पलंगावर पडून राहिलो आणि ताडकन उठलो. मग हळू उठलो. मग जेवणाआधी, जेवणानंतर. ही दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "झाले का तुमचे उठाबशांचे खेळ?" काहीही झालं नाही. माझे दोन्ही धागे जुळलेले आहेत. मग गुरुवारी झालं ते काय?

१९ जानेवारी, सोमवार

किल्ली आपल्याकडेच ठेवून हिनं गेल्या गुरुवारपासून एका अटीवर दुकान उघडू दिलं. मावशींनी नजर ठेवायची आणि कात्रीही त्यांच्याच ताब्यात. माझ्याच दुकानात मला कात्री मागून घ्यावी लागली. मावशी दर वेळी विचारत, "कशाला हवी?" जणू काही मी सुपारी कातरणार होतो!

नमुन्याचा गणवेश तयार झाला होता. थिएटरचे नवे व्यवस्थापक बघायला आले. तरुण गृहस्थ, जुन्या फोटोंचे शौकीन. "अगदी ह्या फोटोतल्यासारखं हवं," म्हणाले आणि फोटो टेबलावर ठेवला. दारात उभा असलेला दरवान. चेहरा सावलीत, पण हनुवटी मी ओळखली. फोटो खडूच्या धुळीपासून जरा लांब सरकवला.

"कुणीतरी घालून दाखवाल का?"

मी घातला. दुसऱ्या कुणाला घालू देणं शक्यच नव्हतं. हूक मावशींनी लावला. लावताना म्हणाल्या, "श्वास सोडा बघू." आरशात बघितलं तर बाबा. काळा कोट, पितळी बटणं, हनुवटी वर. मी खांदे आरशाकडे ठेवले आणि पाहुण्याकडे बघावं तशी मान वळवली.

कपाळाला लागलं आहे, फार नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा मावशी हूक काढून मला वारा घालत होत्या. चष्मेवाला हजर. दारातल्या व्यवस्थापकांना हळू आवाजात सांगत होता, पण हळू आवाजात सांगितलेलं सगळ्यांत जास्त ऐकू येतं. "वडीलही असेच होते म्हणे ह्यांचे. तुमच्याच थिएटरात. रक्तात असतं हो."

व्यवस्थापक नम्रपणे म्हणाले, "मास्तर, आधी तब्येत बघा. काय आहे ते कळवा. नाहीतर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल. वेळ थोडा आहे."

मावशी म्हणाल्या, "मी शपथेवर सांगते, मास्तर चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात." ह्याचा काही उपयोग झाला नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

डॉक्टरीणबाईंनी एक छोटं यंत्र कमरेला बांधून दिलं. छातीला चिकटवलेल्या तारा, दिवसभर आणि रात्रभर ठोके टिपत राहतात. तारांवर माझा शर्ट बसेना. कॉलरीचा शर्ट अंगाबरोबर बेतलेला, त्यात तारांना जागा कुठे? म्हणून घरचाच सैल शर्ट घातला. अशा अवतारात दुकानात जाणं शक्य नव्हतं. दिवसभर घरीच. चाललो, वाकलो, जिना चढलो, हिच्याशी मुद्दाम भांडलो. यंत्राला भरपूर काम दिलं.

सगळं ठणठणीत येणार, आत्ताच सांगून ठेवतो.

२४ जानेवारी, शनिवार

सगळं ठणठणीत आलं.

आज एक प्रकार झाला. दुपारी डोळा लागला होता. जागा झालो तेव्हा ही माझ्या तोंडावर वाकलेली. चष्मेवाल्यासारखीच.

"तूसुद्धा?"

ही सरळ झाली. लाजली नाही. "मला खात्री करून घ्यायची होती. लोक विचारतात तेव्हा मी काय सांगू? मी स्वतः बघितलंय, असं सांगता आलं पाहिजे ना?"

"मी माझा बाप नाही!" मी ओरडलो. इतक्या वर्षांत हिच्यावर असा ओरडलो नव्हतो.

ही शांतपणे म्हणाली, "तुमच्या बापाला तरी पिताना कुणी पाहिलं होतं?"

मी उठून खुंटीवरचा माझा राखाडी कोट झाडला. तो झाडायची गरज नव्हती.

ही जाताना दारातून म्हणाली, "आणि एक सांगू? सुट्टीच्या दिवशी तुम्ही कधी पडत नाही." बायकांचं तर्कशास्त्र. आजाराला काय कॅलेंडर असतं?

२८ जानेवारी, बुधवार

आज जे घडलं ते नीट क्रमानं लिहितो. हात स्थिर ठेवून.

बाईंनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं. चांगल्या ठिकाणी जायचं म्हणून सगळ्यांत कडक कॉलरीचा शर्ट घातला. ही बरोबर होती. आत गेल्यावर नेहमीसारखा शर्ट काढला, झोपलो, तारा लावल्या, कागद निघाला, सगळे टाके एकसारखे. बाई सुस्कारा सोडून म्हणाल्या, "काका, मला काही सापडत नाहीये."

मी उठलो, शर्ट चढवला, वरचं बटण लावलं. भिंतीवर छोटा आरसा होता. कॉलर डाव्या बाजूनं बसली का ते बघायला मान वळवली.

आरसा काळा झाला. टेबल धरायला हात पुढे केला, तो टेबलाच्या आधीच बाईंच्या हातात पडला. त्यांनी खुर्चीत बसवलं, बटण काढलं. दोन श्वासांत सगळं उजळलं.

बाई माझ्या गळ्याकडे बघत होत्या. "हे इतकं घट्ट नेहमी लावता?"

"दुकानात नेहमीच."

"आणि घरी?"

"घरी कोण बघतंय?"

बाईंनी हिच्याकडे पाहिलं, हिनं बाईंकडे. "घरी नाही पडले कधी," ही म्हणाली. "सुट्टीच्या दिवशीही नाही." मग दोघीही माझ्या कॉलरीकडे बघत राहिल्या. मेलेल्या उंदराकडे बघावं तशा.

"पुन्हा झोपा," बाई म्हणाल्या. "ह्या वेळी शर्टासकट." खालची बटणं काढून तारा लावल्या, वरचं बटण लावलं, एका परिचारिकेला डोक्याशी उभं केलं. "आता मान वळवा. आरशात बघितलंत तशी."

कागद मी नंतर बघितला. टाका, टाका, टाका, टाका, आणि मग कोरं कापड. बोटभर लांब. मग पुन्हा टाका. मशीन चालू असताना दोरा सुटावा तसं. ते माझंच हृदय होतं.

बाईंनी समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. जबड्याखाली, मानेच्या दोन्ही बाजूंना, मोठी धमनी जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे तिच्या भिंतीत दाब ओळखणारी चेतांची टोकं असतात. रक्ताचा दाब वाढला की भिंत ताणली जाते आणि ती मेंदूला कळवतात. मग मेंदू हृदयाला म्हणतो, सावकाश, आणि रक्तवाहिन्यांना म्हणतो, सैल व्हा. दाब उतरतो. दिवसभर हे चाललेलं असतं. पण बाहेरून कुणी ती जागा दाबली, तरी त्या टोकांना वाटतं, आतूनच दाब वाढला. वय झालं की काहींची ती जागा फार हळवी होते. घट्ट कॉलर, त्यात मान वळवली की कॉलरीची कड नेमकी तिथे रुतते.

"म्हणजे खोटी चुगली," मी म्हटलं.

"हो. आणि मेंदू ती खरी धरतो. खालचा धागा ओढतो, वरचा सोडून देतो." दोऱ्यांचं मीच त्यांना सांगितलं होतं. "हृदय थांबतं, वाहिन्या सैल पडतात, डोक्याला रक्त मिळत नाही. तुमच्या शरीरात बिघाड असा नाही, काका. ते आपलं काम इमानानं करतंय. खबरच खोटी आहे."

"आणि तुमच्याकडे आलो की कळत कसं नव्हतं?"

बाई हसल्या. "कारण आम्ही आधी शर्ट काढायला लावतो."

गळा मोकळा ठेवूनही पडलात तर छातीत छोटं यंत्र बसवावं लागेल, म्हणाल्या, पण आधी हे बघू. गाडी मी चालवतच नाही, ते एक बरं.

घरी आलो. जिन्यात हिनं पर्समधून किल्ली काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग हात वर करून वरचं बटण काढलं. मी विसरून पुन्हा लावलं होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

लिहून वही मिटली होती. पुन्हा उघडली.

खांदे रस्त्याकडे, मान पाहुण्याकडे.

उद्या सकाळी आक्काकडे जातो.

२९ जानेवारी, गुरुवार

आक्कानं दार उघडलं आणि आधी गळ्याकडेच बघितलं. "काय रे, आजारी आहेस? कॉलर उघडी?" लहानपणी मी आजारी असलो तरच बटण काढायचो म्हणे.

म्हटलं, "बाबांचा एखादा शर्ट आहे का गं तुझ्याकडे? आईनं शिवलेला."

तिनं विचारलं नाही कशाला. कपाटाच्या तळातून काढून आणला. निळ्या रेघांचा, कोपर झिजलेलं. छत्र्या दुरुस्त करताना घालायचे तोच. मी नाकाशी नेला. कपाटाचाच वास. तरी धरून ठेवला थोडा वेळ.

मग टेप काढली. आईनं बाबांच्या अंगावर माप घेऊन शिवलेला गळा, बटणापासून काजापर्यंत: साडेसोळा इंच. मी खिशातून कॉलर काढली, ती खुंटीवरची, सोनेरी फितीची. मोजली. पंधरा. टेप पुन्हा लावली, कारण पहिल्या मापावर मी कधी कापत नाही. पंधराच.

"आक्का, हा कोट त्यांच्या मापाचा नव्हता."

"नव्हताच मुळी. आधीच्या दरवानाचा होता तो. काडी होता म्हणे तो माणूस. आईनं खांदे उसवून वाढवले, पाठ वाढवली. गळ्याला मात्र हात लावायचा नाही म्हणून थिएटरचा हुकूम. फीत खराब होईल ना. तू लहान होतास, तुला वाटायचं ऐट आहे. मी बघायची, घरी आल्यावर गळ्याभोवती लाल वळ असायचा."

मी तिला सगळं सांगितलं. मानेतली जागा, चुगली, कोरा कागद. बाईंना मी विचारलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांनी कुणी खात्री देणारही नाही. पण टेप खोटं बोलत नाही.

आक्का बराच वेळ शर्टाच्या घड्या घालत राहिली. तीच घडी पुन्हा पुन्हा.

"मला नेहमी वाटायचं," ती म्हणाली, "वास का येत नाही? वेणी घालताना त्यांचं तोंड माझ्या कानाशी असायचं. एकदाही आला नाही. आईला म्हटलं एकदा, तर म्हणाली, तुला काय कळतंय."

मग तिनं डोळे पुसले आणि मला झापलं. "आणि तू रे! तीस वर्षं त्या फासावरून सगळ्या गावाचे गळे बेतलेस!"

३ फेब्रुवारी, मंगळवार

व्यवस्थापकांना भेटलो. डॉक्टरीणबाईंनी त्यांना फोन केला होता, त्यामुळे माणूस ओशाळलेला होता. गणवेश माझ्याकडेच. पण कॉलर बघून कुरकुरले. "मास्तर, फोटोत तर गळा अगदी आवळलेला दिसतो."

"दिसतो तसाच दिसेल. आतून आवळलेला नसेल. ह्यालाच शिवणं म्हणतात."

कसं ते इथे टिपून ठेवतो. कडक कापड फक्त पुढे, हनुवटीखाली. दोन्ही बाजूंना, जबड्याच्या खाली, आत नुसतं मऊ अस्तर. कड बाजूंना थोडी उतरती कापायची, फीत वरून सरळ धरायची, म्हणजे उतार नजरेत येत नाही. प्रत्येक दरवानाचं माप त्याच्याच अंगावर. आणि गळ्यात दोन बोटांची जागा. पोत्याचं तोंड म्हणायचो मी त्याला. असो.

"एवढं कशाला?" व्यवस्थापकांनी विचारलं.

"कारण तुमच्या दरवानांना मान वळवावी लागते."

दुकानात परत आलो तर चष्मेवाला पायरीवर. "काय मास्तर, आज गळा उघडा?"

मावशींनी सुईवरून नजर न काढता उत्तर दिलं, "त्यांच्या गळ्याला वारा लागू द्या. तुम्ही तुमचं नाक सांभाळा."

१४ फेब्रुवारी, शनिवार

थिएटर उघडलं. मी, ही आणि आक्का. आधी आम्ही आत गेलो नाही. आक्का म्हणाली, "समोरून बघू." म्हणून समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो, पूर्वी मी उभा राहायचो तिथेच. तिथे आता दिव्याचा खांब आहे, पण जागा तीच.

दारात दरवान. काळा कोट, सोनेरी फीत, हनुवटी वर. पाहुणे येत होते आणि त्याची मान वळत होती. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. प्रत्येक वेळी माझा श्वास अडकायचा आणि प्रत्येक वेळी दार उघडायचं.

"असेच उभे राहायचे," आक्का म्हणाली.

"ह्यापेक्षा ताठ," मी म्हटलं.

खेळाची घंटा झाली तसे आम्ही रस्ता ओलांडला. दरवानानं मान वळवली. "या," म्हणाला आणि दार धरलं. मी पुढे जायच्या ऐवजी थांबलो. मागे माणसं खोळंबली. ही कोट ओढत होती. पण शिवलेलं एकदा अंगावर तपासल्याशिवाय मला सोडवत नाही.

"जरा बघू," म्हणून मी हात वर केला आणि त्याच्या कॉलरीत, जबड्याच्या खाली, बोटं सरकवली. दोन्ही बोटं आरामात गेली. आत त्याची शीर लागत होती. टाका, टाका, टाका.